समासाबाहेर

एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो.
म्हणजे दुसऱ्यांनी मोजलेले डोंगर
ट्रेसिंग क्लॉथवर शाईने गिरवायचे:
नद्या निळ्या, समपातळी रेषा तपकिरी,
पाणलोटाची हद्द तुटक.
हात कापू नये म्हणून
सकाळचा चहा मी जेवणानंतर घ्यायचो.

पेठकडचं शीट माझ्या हाताखालून नऊदा गेलं.
दमणगंगेचे बारीक फाटे
पश्चिमेला सरकत सरकत
डाव्या समासाशी येऊन थांबत.
तिथे मी पेन उचलायचो, निब पुसायचो.
पुढचं शीट गुजरातचं,
ते आमच्या कपाटात नव्हतं.

निवृत्तीच्या चौथ्या वर्षी, मार्गशीर्षात,
जुन्या सीबीएसवरून पहाटेची एसटी धरली.
सावळघाटात कंडक्टर डुलक्या घेत होता.
फाट्यावर लासू भोये उभा,
हातात कोयता, खांद्याला कापडी पिशवी.
‘कुठवर?’
‘समुद्राकडे,’ मी म्हणालो.
तो हसला नाही. ‘वाट तिकडचीच आहे,’ म्हणाला, ‘चला.’

कापलेली भाताची खाचरं, मग नागलीचा उतार,
मग डोंगराची धार.
इथे माझी तुटक रेघ असायला हवी होती.
एक गाय होती.
पुढचे पाय गोदावरीत, मागचे दमणगंगेत,
मधे निवांत रवंथ.

धारेपलीकडे राई.
लासूने चपला काढल्या, कोयता दगडाखाली सारला.
मी बुटांच्या नाड्या बांधून ते गळ्यात अडकवले,
आणि तळव्यांना एकदम कळलं
की ही माती कधी नांगरलेली नाही.

नकाशात आम्ही लिहायचो: दाट मिश्र झाडी.
तीन शब्द, तिरकी अक्षरं.
आत आलो तर हिरड्याच्या अंगावर गारंबीचा वेल
मांडीएवढा जाड, पीळ देत वर गेलेला,
वर कुठे ते दिसत नाही.
पडलेल्या सादड्याच्या पोटात
उंबराचं रोप उभं.
पडलेलंही कुणी नेत नाही इथून, काडीसुद्धा.
‘हा आंबा,’ लासू हळू आवाजात सांगतो,
‘माझ्या आज्याच्या आज्याला पण म्हाताराच दिसायचा.’
खोडाशी वाघदेव, लाकडात कोरलेला.
वर चंद्र, सूर्य. खाली वाघ,
पट्टे बोटांनी पुसत आलेले.
शेंदूर मात्र ओला.

त्याच्यामागून पाणी निघतं.
पॉइंट दोनच्या निबने ओढलेली रेघ होती ती,
नऊदा ओढलेली, मी ओळखली.
फक्त माझी कधी तुटली नव्हती.
ही पानांखाली नाहीशी होते,
दगडाआड गुळगुळते,
वीस पावलांवर पुन्हा वर येते,
जणू काही झालंच नाही.
आम्ही तिच्या मागोमाग, दुपारपर्यंत.
कुठेतरी एक कस्तुर शीळ घालत होता,
सूर अर्धवट सोडून देणारा,
घरी कुणी नसताना माणूस गुणगुणतो तसा.

मग झाडं संपली
आणि जमीनही.
कडा. खाली जंगल, पुढे धुरकट डोंगर,
त्यापुढे नुसताच धुरकटपणा.
मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
‘तिकडे,’ लासूने हनुवटी केली.
तिकडे काही नव्हतं.

पिशवीतून नागलीची भाकर निघाली,
वर बोंबलाची चटणी, लाल, कोरडी.
‘यमुनीने आणलेत. बहीण माझी.
वलसाडकडे वाड्यांत जाते कामाला, होळीपर्यंत.’
तिने समुद्र पाहिलाय?
‘एकदा. म्हणाली,
पाणी लई, पण प्यायला नाही.’
आणि त्याने भाकरीचा मोठा तुकडा माझ्यापुढे केला.

झरा शेजारून कड्यावरून उडी मारत होता
आणि माझ्या जिभेवर मीठ होतं.
त्या दोघांमध्ये किती शीटं लागतील
याचा हिशोब मी करू लागलो,
मग पाणी प्यायलो आणि सोडून दिला.

परतीच्या एसटीत
शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला,
माझ्या अंगावरून हात घालून
खिडकी उघडली.
मी हात धुतले नव्हते.